चटई कारखान्यासाठी व्हर्च्युअल कार्ड घ्यावे का, आणि ते तयार कसे होते?

जळगावातील आपल्या चटई कारखान्याच्या ऑनलाइन खर्चासाठी आपण हे विचारले आहे. व्हर्च्युअल कार्ड म्हणजे प्लास्टिकविना असलेला खराखुरा कार्ड क्रमांक. तो सहसा 16 अंकी असतो. सुरुवातीचे 6 किंवा 8 अंक कार्ड देणारी बँक ओळखतात, मधले अंक खात्याशी जोडलेले असतात आणि शेवटचा अंक लून या संगणकतज्ज्ञाच्या सूत्राने काढलेला पडताळणीचा अंक असतो. मात्र सूत्रात बसणारा क्रमांक जुळवला म्हणजे कार्ड तयार झाले असे नव्हे, कारण सीव्हीव्ही (कार्डाचा छोटा सुरक्षा क्रमांक) बँकेच्या गुप्त किल्लीनेच निघतो आणि व्यवहाराला मंजुरीही बँकच देते; त्यामुळे ‘मोफत कार्ड नंबर’ देणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये.

व्यवसायाला खरा लाभ नियंत्रणाचा आहे. जाहिरातींसाठी एक, सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी दुसरे, खरेदी पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी तिसरे, अशी वेगवेगळी कार्डे काढून प्रत्येकावर रकमेची मर्यादा व मुदत घालता येते, आणि एखादा क्रमांक फुटलाच तर तेवढेच कार्ड बंद करून बाकीचे व्यवहार सुरळीत ठेवता येतात. महिनाअखेरीस कोणता खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हा मुनीमजींचा घोळही कमी होतो.

कच्चा माल देणारे व्यापारी मात्र बहुधा आरटीजीएस किंवा धनादेशच मागतील; तेथे या कार्डाचा उपयोग नाही. परदेशी सेवा घ्यायची असल्यास बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावेत.