फॅक्टर-मल्टिपलचा गोंधळ : पाढे पाठ आहेत, पण उलटे वाचता येत नाहीत

ताई, तुमचं सगळं वाचलं. मुलगी सहावीत, सीबीएसई, 12 चे फॅक्टर लिही म्हटलं की 12, 24, 36 लिहून आणते, 51 आणि 91 ला प्राइम म्हणते, 1 ला पण प्राइम म्हणते, आणि आजोबा मसावि-लसावि करत शिकवायला बसले की रडकुंडीला येते. मी पण इंदूरचीच, लोकमान्य नगरात 22 वर्षं घरीच ट्यूशन घेतेय, आणि हे असंच्या असं पोर दर वर्षी एक तरी येतंच. तुम्हाला हे चार प्रॉब्लेम वाटतायत पण आहे एकच, तिला पाढे येतात, पण पाढ्याकडे उलट्या बाजूनं बघायला कुणी शिकवलेलं नाही.

त्याआधी शब्दांचं बघा, कारण आपल्या इकडच्या मराठी घरांत हे भलतंच होतं. शाळेत फॅक्टर, कॉलनीतले हिंदी मीडियमवाले सर म्हणणार गुणनखंड, आजोबा म्हणणार विभाजक नाहीतर अवयव. मल्टिपलला गुणज आणि विभाज्य, प्राइमला अभाज्य आणि मूळ संख्या. त्यात विभाज्य आणि विभाजक हे दोन शब्द उच्चारायला इतके सारखे की मोठी माणसं पण घसरतात. आजोबांना हात जोडून सांगा की महिनाभर फक्त फॅक्टर, मल्टिपल, प्राइम म्हणा, एकदा पक्कं झालं की मसावि आहेच.

आता पाढे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. पाढ्यात जे जे येतं ते मल्टिपल, बस, ते कधी संपत नाहीत, पाढा दहावर थांबतो तो आपण दमतो म्हणून. फॅक्टरचा प्रश्न उलटा आहे, 12 ही संख्या कोणाकोणाच्या पाढ्यात येते? मी मुलांना सांगते 12 हे पाहुणं आहे, ते कोणाकोणाच्या घरी जेवायला जातं ते शोधा. एकाच्या घरी जातं, दोनाच्या, तिनाच्या, चाराच्या, पाचाच्या नाही, सहाच्या जातं, आणि शेवटी स्वतःच्या घरी. झाले सहा फॅक्टर. आणि 13? एकाच्या घरी आणि स्वतःच्या, तिसरं घरच नाही. ते प्राइम. पोरांना घरं मोजायला मजा येते, व्याख्या पाठ करायला नाही येत. विश्वास नसेल तर राजम्याचे 12 दाणे देऊन आयत लावायला सांगा, 2 रांगा, 3 रांगा, 4 रांगा सगळं जमतं, 13 दाणे दिले की एकच लांबलचक ओळ होते, दुसरं काही करून बघा.

1 बद्दल मी स्वतः तोंडावर आपटलेय, ते सांगते. आधी मी पण सगळ्यांसारखं शिकवायची की प्राइम म्हणजे ज्याला 1 नं आणि स्वतःनंच भाग जातो. एका वर्षी एक पोरगा म्हणाला मग 1 ला पण 1 नं भाग जातो, स्वतःनं पण जातो, ते का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी म्हटलं पुस्तकात लिहिलंय म्हणून. त्याचा चेहरा अजून आठवतो. आता मी सांगते की घरं बरोब्बर दोन पाहिजेत, वेगवेगळी. 1 चं एकच घर, एकाचंच घर आणि तेच त्याचं स्वतःचं. म्हणून ते प्राइम पण नाही आणि कंपोझिट (दोनापेक्षा जास्त घरं असलेलं) पण नाही. आणि 1 ला आत घेतलं तर काय बिघडतं ते पण दाखवा, 12 फोडलं की 2 × 2 × 3, कुठूनही सुरुवात करा, 4 × 3 करा नाहीतर 6 × 2 करा, शेवटी हेच तीन तुकडे उरतात. 1 ला प्राइम म्हटलं की 1 × 2 × 2 × 3 पण बरोबर, 1 × 1 × 2 × 2 × 3 पण बरोबर, सगळी शिस्तच गेली. आणि मुलीला हे पण सांगा की ती एकटी चुकत नाही, 1914 साली लेहमर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं एक कोटीच्या थोडं वरपर्यंतच्या प्राइमची यादी छापली, तिची सुरुवात 1 पासूनच होती. तेव्हा तशीही पद्धत होती.

51 आणि 91 चं कारण सोप्पं आहे, आपल्या मुलांचे पाढे 10 नाहीतर 12 ला संपतात. माझ्या सासूबाईंना 30 पर्यंतचे तोंडपाठ, त्यांना 51 म्हटलं की लगेच सतरा त्रिक एक्कावन्न, 57 म्हटलं की एकोणीस त्रिक सत्तावन्न, 91 म्हटलं की तेरा सत्ते एक्याण्णव, 87 म्हटलं की एकोणतीस त्रिक. त्यांना प्राइम शब्द माहीत नाही पण कोण प्राइम नाही ते माहितीये! घरात आजी असेल तर तिच्याकडे पाठवा. आणि आहेराच्या पाकिटांचे आकडे द्या करायला, माझ्या ट्यूशनला हे जाम आवडतं. 11 प्राइम, 21 म्हणजे 3 × 7, 51 म्हणजे 3 × 17, 101 प्राइम, 151 आणि 251 पण प्राइम, 501 म्हणजे 3 × 167, आणि 1001 मस्तच फुटतं, 7 × 11 × 13. तिननं भाग जातो का ते आकड्यांची बेरीज करून लगेच कळतं, 5 + 0 + 1 = 6, ते येतच असेल तिला.

फॅक्टर लिहिताना एखाद-दुसरा सुटून जातो ना, तो एका ओळीत लिहिते म्हणून. जोड्या लावायला सांगा. आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीचं, छप्पन दुकानचंच घ्या, 56 : 1 × 56, 2 × 28, 4 × 14, 7 × 8. डावीकडचा वाढतो, उजवीकडचा कमी होतो, दोघं एकमेकांना भेटले की थांबायचं, पुढे त्याच जोड्या उलट्या येणार. आणि ह्यातच प्राइम तपासायची युक्ती आहे. 97 प्राइम आहे का? जोडीतले दोन्ही 10 पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, कारण 11 × 11 च 121 होतात, म्हणजे लहान जोडीदार 10 च्या आतच सापडला पाहिजे. मग फक्त 2, 3, 5, 7 नं बघा. नाही गेला भाग? प्राइम. चार भागाकारांत काम संपलं, नाहीतर पोरं 48 पर्यंत बघत बसतात बिचारी.

ह्याच कारणानं 100 पर्यंतच्या तक्त्यावर दोनाचे, तिनाचे, पाचाचे आणि साताचे मल्टिपल काटले (2, 3, 5, 7 स्वतः ठेवायचे, 1 काटायचा) की उरतात ते 25 प्राइम. ही एरॅटोस्थेनिस ह्या ग्रीक माणसाची चाळणी, 2200 वर्षं जुनी. वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिली द्या, आणि सातावर पोचली की विचारा नवीन पहिला कोण काटला, 14, 21, 28, 35, 42 आधीच गेलेले असतात, पहिला नवीन 49 निघतो. हे तिला स्वतःला दिसू द्या, सांगू नका.

आता मसावि-लसावि, म्हणजे एचसीएफ-एलसीएम, सगळ्यात मोठा कॉमन फॅक्टर आणि सगळ्यात छोटा कॉमन मल्टिपल. मुलांचं डोकं इथं फिरतं की महत्तम म्हणतात तो छोटा आणि लघुतम म्हणतात तो मोठा, 12 आणि 18 चा एचसीएफ 6 आणि एलसीएम 36, हा काय न्याय? पण बघा, फॅक्टर मोजकेच असतात, त्यातला कॉमन सगळ्यात छोटा तर नेहमी 1 च, त्यात विचारण्यासारखं काय, म्हणून सगळ्यात मोठा विचारतात. मल्टिपल संपतच नाहीत, सगळ्यात मोठा कॉमन मिळणारच नाही, म्हणून सगळ्यात छोटा विचारतात. माझ्याकडे हे ऐकून एक मुलगी म्हणाली होती मग आधी का नाही सांगितलं.

एलसीएमसाठी आम्ही पोहे-जलेबी खेळतो. गोल बसून 1 पासून मोजायचं, चाराचा मल्टिपल आला की आकड्याऐवजी पोहे म्हणायचं, सहाचा आला की जलेबी, दोन्हीचा आला की पोहे-जलेबी. खेळायच्या आधी विचारा पहिलं पोहे-जलेबी कुठे येईल, सगळे म्हणतात 24, गुणाकार करून मोकळे. आणि येतं 12 ला! का ते तिलाच शोधू द्या, 4 म्हणजे 2 × 2, 6 म्हणजे 2 × 3, एक 2 दोघांत कॉमन होता तो तिनं दोनदा धरला. मग 3 आणि 5 घेऊन खेळा, तिथे 15 च येतं, कारण कॉमन काहीच नाही.

रोज 15-20 मिनिटं पुरे, जास्त बसवू नका. आणि आठ-दहा दिवसांनी जेवताना सहज 119 प्राइम आहे का विचारा. आजोबांना पण विचारा त्याच वेळी, आमच्याकडे तर सासरे फसले होते, सासूबाई सतराच्या पाढ्यातून गेल्या (सतरा सत्ते एकशे एकोणीस) आणि जिंकल्या.