पहिली सायकल राईड? बॉक्स हिलच कर
अरे थेट उत्तर इंग्लंडमधल्या हार्डनॉट पास घाटाची स्वप्नं नको बघू, तिथे 30 टक्के चढ आहे, लोक सायकल हातात धरून चालतात. आधी लंडनजवळच्या सरे परगण्यातली बॉक्स हिल टेकडी कर. लंडनहून ट्रेन आहे, बॉक्स हिल अँड वेस्टहंबल स्टेशनला उतरायचं. उंची जेमतेम 224 मीटर, सिंहगडवाल्यांना हसू येईल, पण वर जाणारा वळणावळणाचा झिगझॅग रोड अडीच किलोमीटर एकसारखा चढत राहतो आणि सुरुवातीलाच जोर लावलास की दुसऱ्या वळणावर जीभ बाहेर. मी तेच केलेलं, वर एक आजोबा गप्पा मारत पुढे गेले! हलका गिअर वळणाच्या आधीच टाक, चढात चेन कडकड करते. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी हा चढ 9 वेळा मारला, आपल्याला एकदाच पुरे.

चालत जाणार असशील तर मोल नदीतल्या दगडांवरून पलीकडे जा, पाणी चढलेलं असेल तर मात्र पूल. नंतर पायऱ्याच पायऱ्या. पाऊस पडून गेला की तिथला खडूचा दगड साबणासारखा होतो, ग्रिपवाले बूटच घाल. आणि फूटपाथ म्हणजे फक्त चालणाऱ्यांच्या पायवाटेवर सायकल घालू नकोस, ब्रायडलवेवर म्हणजे घोड्यांच्या वाटेवर चालते, तिथेही घोडेवाल्यांना आधी जाऊ दे.