कारमध्ये अ‍ॅम्प बसवल्यापासून स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस दिली की चढते. अर्थिंगचा दोष असेल का? दुकानदार नॉइज फिल्टर लावायला सांगतोय, लावू का?

फिल्टर आत्ताच घेऊ नका. रेसबरोबर आवाज चढतोय म्हणजे तो अल्टरनेटरचा आहे. अशा गाडीत मी सगळ्यात आधी अर्थ बघतो, आणि बहुतेकदा त्यापुढे जावंच लागत नाही.

अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट नसते. तिच्यावर बारीक लाटा उरतात आणि इंजिनाचे फेरे वाढले की त्यांची पट्टीही चढते. लाटा सगळ्याच गाड्यांत असतात. गाण्याच्या तारेत शिरायला वाट मिळाली तरच त्या ऐकू येतात. तुमच्या स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे आहे, अ‍ॅम्पचा डिकीत, आणि दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी हासुद्धा अर्थच. डिकीतला सांधा कच्चा असला की दोन्ही अर्थांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि काही करंट त्या जाळीतून परत जायला बघतो. अ‍ॅम्प तो फरक गाणं समजून मोठा करतो.

आता मोजायचं कसं? पुष्कळ जण मल्टिमीटर ओहमवर ठेवतात, बीप वाजला की अर्थ चांगला म्हणतात. या कामाला ती तपासणी पुरत नाही. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स 0.2-0.3 ओहम भरतो, आणि इथे तर 0.01 ओहमही नडतो: अ‍ॅम्प 40 अँपिअर ओढत असेल तर तेवढ्यावर 0.4 व्होल्ट पडतात. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, गाणं मोठ्याने, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला (वायर लांब लागेल, जोडून घ्या). 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. त्याहून जास्त दाखवत असेल तर सांधा उघडून बघाच. तिथे रंगावरच आवळलेलं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) किंवा पत्र्याचा स्क्रू सापडण्याची शक्यता खूप आहे.

नवा अर्थ घेताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. अ‍ॅम्पपासून फूट-दीड फुटाच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा. रंग आणि त्याखालचा प्रायमर काचपेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. वायरिंगवाले इथे हमखास काटकसर करतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण जितका करंट येतो तितकाच परत जातो. थिंबल नीट क्रिंप करून नट-बोल्ट आणि स्टार वॉशरने आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणातल्या पावसात उघडा ठेवलेला सांधा फार लवकर गंजतो. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, डिकीखाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असू शकतात. आणि सीटबेल्टच्या बोल्टला कधीही अर्थ देऊ नका. अपघातात तुमचं वजन पेलायला तो बोल्ट आहे, त्याला हात लावायचा नाही.

काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अ‍ॅम्पची वायर थेट त्या टर्मिनलला नेली तर सेन्सरला हा करंट दिसतच नाही. बॉडीलाच अर्थ द्या.

एवढं करूनही शिट्टी राहिली तर इंजिन बंद करून, अ‍ॅम्प बंद असताना त्याच्या बाजूने आरसीए काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. आवाज गेला तर दोष पुढे, स्टिरिओकडे. स्टिरिओची काळी वायर नुसती पिळून टेप मारलेली असेल तर सोल्डर करा, नाहीतर वेगळी वायर काढून बॉडीला चांगला अर्थ द्या. मागची अँटेनाची पिनही एकदा उपसून बघा, तिची जाळीसुद्धा बॉडीला टेकलेली असते. आरसीए काढूनही आवाज तसाच राहिला तर अ‍ॅम्पची पेटी थेट पत्र्याला टेकलीय का बघा; टेकली असेल तर प्लायवर बसवा.

आवाज फक्त फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी लावल्यावरच येत असेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे चार्जर आणि ऑक्स केबल मिळून अर्थचं वेटोळं होतं. ब्लूटूथवर तो आवाज जातो. ऑक्सच हवं असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, मात्र स्वस्तातला बेस थोडा खातो. डॅशकॅम लावल्यावर एफएम खरखरायला लागला असेल तर अर्थ उकरू नका, त्याचा चार्जर बदलून बघा.