न्यूझीलंडमध्ये पोलीस काही गुन्हेगारांना कोर्टाऐवजी माओरी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांच्या, पंचांपुढे पाठवतात म्हणे. त्याने गुन्हे खरंच कमी होतात का?

मी त्या पंचांसमोर एकदा बसलोय, तक्रारदार म्हणून. ऑकलंडमध्ये माझं छोटंसं दुकान आहे. दारूच्या नशेत एका पोराने त्याची काच फोडली. आठवड्याने पोलिसांचा फोन आला, ‘मुलाने कबूल केलंय, त्याला ‘ते पाए ओरांगा’कडे, म्हणजे माओरी पंचांकडे, पाठवतोय, तुम्ही याल का?’ मनात म्हटलं, झालं, सोडला त्याला.

माओरी प्रार्थनेने बैठक सुरू झाली. समोर पोरगा, शेजारी त्याची आजी. पंचांनी काचेचा विषय पाच मिनिटांत उरकला आणि पुढचा तासभर त्याचीच चौकशी केली. कुणाच्या घरचा, राहतोस कुठे, काम का सुटलं? तर लर्नर लायसन्सवर एकट्याने गाडी चालवली म्हणून दंड झालेला, तो थकला, पुढच्या परीक्षेला पैसे नाहीत, आणि पक्कं लायसन्स नाही म्हणून कुणी कामावर घेईना. मग मला विचारलं. मी सांगितलं, त्या रात्रीपासून बायको संध्याकाळी गल्ल्यावर एकटी बसत नाही. पोरगा खालीच बघत होता. आजीने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे मान वर करून ‘सॉरी’ म्हणाला.

काचेचे पैसे चार हप्त्यांत, दारूसाठी समुपदेशन आणि लायसन्सच्या परीक्षेला पंचांच्या संस्थेची मदत, असं ठरलं. हे पाळलं तर नावावर गुन्हा लागत नाही. नाही पाळलं तर पोलीस खटला भरू शकतात.

आता तुमचा मुद्दा. इथे माओरी लोकसंख्येच्या १७-१८ टक्के, पण तुरुंगात निम्म्याहून जास्त. अल्पवयीन मुलांसाठी घरच्यांना घेऊन बसायची पद्धत १९८९च्या कायद्यानेच आली होती. मोठ्यांसाठी पोलिसांनी माओरी इवींना, म्हणजे जमातींना, बरोबर घेतलं ते २०१० नंतर. पंचांकडे गेलेल्यांची तशाच पण पंचांकडे न गेलेल्या लोकांशी तुलना झाली, तेव्हा त्यांच्या पुढच्या गुन्ह्यांनी झालेली हानी सुमारे २२ टक्के कमी भरली. हे सगळं किरकोळ गुन्ह्यांपुरतं, हे विसरू नका. खून-दरोडे पंचांपुढे जात नाहीत.

‘पंच’ म्हटल्यावर आपल्याला जातपंचायत आठवते. तसलं काही नाही. वाळीत टाकणं नाही, जबरदस्तीही नाही. नको असेल तर कोर्टाचा रस्ता मोकळा असतो. माओरी नसलेल्यालाही तिथे पाठवता येतं. मला खटकतं ते वेगळंच. कुणाला पाठवायचं हे शेवटी पोलीसच ठरवतात. हाच पोरगा दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती लागला असता तर कदाचित सरळ कोर्टात उभा राहिला असता.

त्याचे तीन हप्ते वेळेवर आले. चौथा आजी घेऊन आली. म्हणाली, पोरगा बांधकामावर लागलाय, तुमचं दुकान उघडं असतं तेव्हा त्याला सुट्टी नसते. नोटा मोजून घ्या म्हणाली. मी नाही मोजल्या.