जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब कॉपी (क्लोन) करून नवी एसएसडी लावली, पण विंडोज सुरू होईना?
मित्रा, एमजी रोडवर दुरुस्तीला मशीन न्यायच्या आधी एवढं घरीच करून बघ. जुनी हार्ड डिस्क अजिबात फॉरमॅट मारू नकोस, सध्या तोच तुझा बॅकअप आहे. पीसी बंद करून तिची केबल काढ आणि एकट्या एसएसडीवर चालू कर. क्लोनमध्ये बऱ्याचदा डिस्कची ओळखही तीच उतरते, म्हणून दोन्ही जोडल्या की गोंधळ होतो.

तरी काळाच स्क्रीन? बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी सेटिंग) बूट ऑर्डर, म्हणजे आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम, बघ. डिस्कची मांडणी जीपीटी (नवी पद्धत) असेल तर सुरू होण्याचा यूईएफआय मोड हवा, एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर लिगसी.

घोडं बहुतेक वेळा अडतं ते इथे: फक्त सी ड्राइव्ह कॉपी होतो आणि शंभरेक एमबीचं लपलेलं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग) मागे राहतं. मग अख्खी डिस्क पुन्हा क्लोन कर.