कॉन्ट्रास्टच्या फॉर्मवर सही केली, आता काहीच करता येणार नाही का?

ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. आई 62 वर्षांच्या, शुगर आहे, पोटाचा सिटी स्कॅन कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून टोचायचं औषध) देऊन करायचा होता. चार वर्षांपूर्वी अशाच इंजेक्शननंतर त्यांच्या अंगावर पित्त उठून दम लागला होता, हे तुम्ही काउंटरवर सांगितलं आणि फॉर्ममध्ये लिहिलंही, तरी टेक्निशियनने इंजेक्शन दिलं, पाच-सात मिनिटांत बीपी पडलं, सेंटरवर एकही डॉक्टर नव्हता, तुम्हीच रिक्षा करून त्यांना हॉस्पिटलला नेलं. चार दिवस आयसीयू, बिल 2 लाख 80 हजार. आता सेंटरवाले म्हणतात सही तुमचीच आहे, 25 हजार घ्या आणि मिटवा.

आधी एक स्पष्ट सांगतो, तुम्ही सही कशालाही केली असली तरी ती निष्काळजीपणाला दिलेली परवानगी होत नाही. फॉर्मवर "क्वचित रिअ‍ॅक्शन येऊ शकते" असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की औषधाचा धोका तुम्हाला सांगितला. शिवाय सांगितला तरी का हेही बघावं लागेल. फॉर्म इंग्रजीत, आईंना इंग्रजी येत नाही, समजावून कुणी सांगितलं नाही. सुप्रीम कोर्टाने 2008 साली समीरा कोहली केसमध्ये म्हटलंय की पेशंटला प्रोसिजर काय, धोके काय, दुसरे पर्याय काय याची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. तुमच्या केसमध्ये दुसरा पर्याय होता का, म्हणजे सोनोग्राफी किंवा कॉन्ट्रास्टशिवायचा साधा सिटी, हे कुणी विचारलंच नाही.

पण रिअ‍ॅक्शन आली म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट मानत नाही आणि मानायलाही नको. आजकालच्या आयोडीनच्या कॉन्ट्रास्टने गंभीर रिअ‍ॅक्शन फार कमी जणांना येते, आणि कधी कधी सगळं बरोबर करूनही येते. त्यामुळे तुमची सगळी ताकद दोनच गोष्टींवर लावा, सुई टोचायच्या आधी काय झालं आणि टोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय झालं.

आधीचं बघा. पूर्वी त्याच प्रकारच्या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन गेलेली असणं ही पुढच्या रिअ‍ॅक्शनची सगळ्यात मोठी खूण आहे, हे रेडिओलॉजीत सगळ्यांना माहीत असतं. अशा पेशंटबाबत रेडिओलॉजिस्टने, म्हणजे स्कॅनच्या डॉक्टरांनी, विचार करायचा असतो की कॉन्ट्रास्ट हवंच का, दुसरं कॉन्ट्रास्ट वापरता येईल का, रिअ‍ॅक्शन टाळायला आधी स्टेरॉइड द्यायचं का. तुमच्या फॉर्मवर "हो" लिहिलेलं असताना डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही, हा मुद्दा मला सगळ्यात भक्कम वाटतो, आणि तो फॉर्म त्यांच्याच कपाटात आहे! नंतरचं म्हणजे, बीपी पडलं की मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यायचं असतं आणि ते देणारा माणूस तिथे हजर पाहिजे. रिपोर्ट दुसऱ्या शहरातून ऑनलाइन येत असेल तर येऊ दे, पण रिअ‍ॅक्शन ऑनलाइन सांभाळता येत नाही.

किडनीबद्दल तुम्ही लिहिलंय की क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा) 1.1 वरून 2.4 झालं म्हणून त्याचेही पैसे मागायचे. मागा, पण केस त्यावर उभी करू नका. कॉन्ट्रास्टमुळे किडनी बिघडते या समजाबद्दल आता डॉक्टरांमध्येच बराच फेरविचार झालाय, आधी किडनी बरी असलेल्यांना धोका कमीच असतो, आणि आईंचं बीपी इतका वेळ पडलेलं होतं की त्यानेही क्रिएटिनिन वाढू शकतं. समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. "बीपी वेळेत सावरलं असतं तर हे टळलं असतं" अशी मांडणी केलीत तर मात्र ते तुमच्या मूळ मुद्द्यालाच जोडलं जातं.

आता कामाचं. आजच लेखी अर्ज देऊन संमतीचा फॉर्म, कॉन्ट्रास्टचं नाव, डोस, बॅच नंबर, इंजेक्शनची वेळ, स्कॅनची सीडी सगळं मागा, पोच घ्या. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रेकॉर्ड 72 तासांत द्यायचं असतं. त्याच अर्जात सीसीटीव्ही फुटेज पुसू नका असं लिहा, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, यात उशीर नको. हॉस्पिटलमधून इमर्जन्सीची नोंद घ्या, आईंना कितीला आणलं, बीपी किती होतं, आधी कुठलं औषध दिलेलं होतं का हे त्यात असतं.

मग वकिलाची नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग. पैसे भरून घेतलेली सेवा आहे म्हणजे तुम्ही ग्राहक आहात, हे 1995 पासून ठरलेलं आहे. मुदत दोन वर्षं. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. स्कॅनचे जे पैसे भरलेत ते पाच लाखांच्या आत आहेत म्हणून आयोगाची फी शून्य. एखाद्या त्रयस्थ रेडिओलॉजिस्टचं लेखी मत जोडा, प्रत्येक केसमध्ये ते सक्तीचं नाही पण तुमच्यात खूप उपयोगी पडेल. तुमचे भाऊ पोलीस केसच्या मागे आहेत, त्यांना जरा थांबवा. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी केसला अगदी ढोबळ, गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, त्यात वर्षं जातात आणि आयसीयूचं बिल तसंच राहतं.

ते 25 हजार "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी. आणि कॉन्ट्रास्टचं नाव हातात आलं की ते मोठ्या अक्षरांत आईंच्या फाइलवर लिहून ठेवा, पुढचा स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांना नुसतं "अ‍ॅलर्जी आहे" सांगून भागत नाही, कुठल्या औषधाची ते लागतं.