फिजिक्स शिकून हॉर्मोन आणि चयापचयाच्या संशोधनात जाता येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, मधुमेहावर संशोधन करायचंय, आणि घरचे म्हणतात, ‘डॉक्टर नसलेल्याला तिथे कोण विचारतो?’ मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या हॉर्मोन लॅबमध्ये नोकरी केली. आमची लॅब ज्या पद्धतीवर चालायची, ती उभी करणाऱ्या दोघांपैकी एक फिजिक्सच्या होत्या: रोझलिन यॅलो.

जन्म 1921 चा, न्यूयॉर्कमधला. त्या काळी बाईला फिजिक्सच्या पीएच.डी.ला सहजी घेत नसत, म्हणून आधी त्यांनी सेक्रेटरीची नोकरी धरली आणि शॉर्टहँड शिकायला घेतलं. महायुद्धात पुरुष विद्यार्थी सैन्यात गेले तेव्हा इलिनॉय विद्यापीठात जागा झाली. 1945 मध्ये डॉक्टरेट. मग ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत त्यांनी रेडिओआयसोटोपची, म्हणजे किरणोत्सारी अणूंची, लॅब थाटली. 1950 मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर तिथे आले आणि पुढे दोघांनी वीसहून अधिक वर्षं एकत्र काम केलं.

तेव्हा एक मत असं होतं की प्रौढ वयातल्या मधुमेहात शरीर इन्सुलिन फार झटपट मोडून टाकतं. दोघांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन टोचून पाहिलं, तर उलटंच दिसलं. आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं, कारण गाई-डुकरांच्या त्या इन्सुलिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं होतच नाहीत, असं जाणकार म्हणत. 1955 मध्ये निबंध परत आला. शीर्षकातला प्रतिपिंड शब्द काढला तेव्हा कुठे तो 1956 मध्ये छापला गेला. नकाराचं ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवलं आणि नोबेलच्या व्याख्यानात सगळ्यांना दाखवलं. मला त्यांचं हे फार आवडतं.

पण खरी झेप यापुढची. उपाशीपोटी एक मिलिलिटर रक्तात इन्सुलिन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतं. ते मोजायचं कसं? लोकलच्या डब्यात जागा ठरलेल्या असतात, तशा नळीतल्या प्रतिपिंडांवरच्या जागा मोजक्या ठेवायच्या. किरणोत्सारी इन्सुलिन ठरावीक मात्रेत घालायचं, वर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव. सीरममध्ये इन्सुलिन जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी इन्सुलिन जागेवरून हटतं. आमच्याकडे प्रत्येक नमुना दोन-दोन नळ्यांत लावायचो, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि तळाशी चिकटलेला प्रतिपिंडांचा पांढरा कण किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा काउंटरमध्ये. काउंट कमी आला की हॉर्मोन जास्त. नवीन येणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ व्हायचा.

1960 च्या सुमारास या मोजणीनेच दाखवून दिलं की प्रौढ वयातल्या अनेक मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, शरीर त्याला दाद देत नाही. आज तुम्ही ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणून जे वाचता, त्याला असा भक्कम आधार मिळाला. थायरॉइड, वाढीचं हॉर्मोन, सगळीकडे हीच पद्धत गेली. दोघांनी पेटंट घेतलं नाही, हे मला त्या शोधाइतकंच मोठं वाटतं. बर्सन 1972 मध्ये गेले. प्रत्येक निबंधावर त्यांचं नाव राहावं म्हणून यॅलोबाईंनी लॅबलाच त्यांचं नाव दिलं. 1977 मध्ये यॅलोबाईंना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमच्याबद्दल. किरणोत्सारी पद्धतीची जागा बहुतेक लॅबमध्ये केमिल्युमिनेसन्सने (रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजणं) घेतली आहे, पण बायकांमधलं टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की तिथे या पद्धती अडखळतात आणि रेणूंना वस्तुमानावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. आयन, चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रं, सिग्नल-नॉइज: हे तुमचंच अंगण आहे. एम.एस्सी.ला बायोफिजिक्स किंवा मेडिकल फिजिक्स बघा. मुंबईतच परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, थायरॉइडवर त्यांचं जुनं काम आहे. प्रजनन-हॉर्मोनवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्थाही परळलाच आहे. दोन्हीकडे प्रोजेक्टसाठी थेट लिहा. आणि सुट्टीत शरीरक्रियाशास्त्राचं एखादं पाठ्यपुस्तक घेऊन स्वादुपिंड, यकृत आणि थायरॉइडची प्रकरणं नीट वाचून काढा. मुलाखतीत तुम्हाला तिथेच अडवतील.